खाली म्हणजे रिकामी नव्हे

मशीन सांगत होती की डिस्क भरलेली आहे. तिच्या बोटभर काचेवर इंग्रजीत तसं उमटतही होतं. पण गोंदियाच्या बाजारातल्या विक्कीने मशीनवर विश्वास ठेवला नाही, लेबलावर ठेवला. लेबलावर माझ्या बाबांच्या हाताने, निळ्या शाईत, एकच शब्द होता: खाली.

पण आधी सगळं क्रमाने सांगते.

माझी माय रुख्मा केशोरी गावची. मागच्या वर्षी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. गळ्याला पुढून भोक आहे, श्वास तिथूनच. तेव्हापासून ती आमच्याकडे गोंदियात असते. तिचे ओठ हलतात, पण बाहेर येते ती नुसती हवा. मग ती खाटेवर थापा मारते. एक थाप म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, आणि लागोपाठ थापा म्हणजे शिव्या. जावयासमोरही ती मोकळेपणाने थापा मारते, कारण जावयाला त्या कळत नाहीत.

खुशी, माझी मुलगी, या सगळ्यानंतर जन्मली. तिला नानी म्हणजे पदर, मांडी आणि थापा. माझा दिवस दोघींवर डोळा ठेवण्यात जातो: एकीच्या गळ्यातली नळी सरकली का, आणि दुसरीच्या तोंडात काय गेलं. एकीला ठसका लागला की दुसरीकडे पाठ होते.

केशोरीत रोवणा, म्हणजे धानाची लावणी, मायच्या आवाजाशिवाय होत नसे. ती एक ओळ टाकायची, मागच्या बाया ती उचलायच्या, आणि चिखलातले हात त्या तालावर चालायचे. यातलं माझ्याजवळ काय आहे? फोनात मायचे पुष्कळ व्हिडिओ आहेत. सगळ्यांत ती तोंडावर पदर घेते आणि म्हणते, "बंद कर वं थे, कायले काढून राहिली." बस. आयुष्यभर गायलेल्या बाईचा एवढाच आवाज फोनात उरला आहे, आणि तोही "बंद कर" म्हणणारा.

पण बाबांनी तिला न सांगता एकदा रेकॉर्ड केलं होतं. बाबा, यादोराव, केशोरीत लाऊडस्पीकरचा धंदा करायचे. हिवाळ्यात आमच्या भागात रात्र-रात्र नाटकं होतात, त्यांचं साउंड त्यांच्याकडे असायचं. एका नाटक कंपनीने लॅपटॉप घेतला तेव्हा त्यांची जुनी मिनिडिस्क रेकॉर्डर बाबांकडे आली. खिशात मावणारी मशीन, आणि तिच्यात सरकवायची चौकोनी प्लास्टिकच्या डबीतली चिमुकली डिस्क. कॅसेटपेक्षा लहान आणि सीडीपेक्षा साफ, असं बाबा ऐटीत सांगायचे. तिच्यात ढगांचा गडगडाट होता, दाराची कडी होती, नाटकातल्या अनाथ बाळाचं रडणं होतं. त्या वर्षीच्या रोवण्यात त्यांनी माईक छत्रीच्या दांड्याला बांधला, छत्री धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, रोवली आणि स्वतः मजूर मोजत असल्यासारखे उभे राहिले. मी तेव्हा लहान होते, त्या छत्रीखाली बसून मुरमुरे खात होते.

आमच्या दोन बांध्या, म्हणजे धानाची दोन शेतं. एक वरची, तिथे मजुरीच्या बाया गायल्या. दुसरी खालची, इटियाडोह धरणाच्या नहराला, म्हणजे कालव्याला, लागून. तिथे माय पुढे होती. म्हणून दोन डिस्का, आणि दोन लेबलं: वर, खाली.

बाबा करोनात गेले. मशीन माहेरच्या कपाटात राहिली. मायचं ऑपरेशन झाल्यावर मला पहिल्यांदा त्या मशीनची आठवण झाली, आणि तेव्हापासून त्या खालच्या बांधीपुढे मला दुसरं काही सुचेना. मला खुशीला तिच्या नानीचा आवाज ऐकवायचा होता. आणि खरं सांगायचं तर मायलाही. तिने तो कधी ऐकलाच नव्हता.

कॉलेजात मी कॉम्प्युटर सायन्स केलं आहे. म्हटलं, वायर लावू, फाइल ओढून घेऊ, झालं. कसलं झालं. आधी तर मशीन चालूच होईना. च्युइंगगमच्या पट्टीसारखी तिची चपटी बॅटरी आतल्या आत फुगून गेली होती. आणि वाचायला बसले तेव्हा कळलं की मशीन चालू झाली तरी उपयोग नाही. ही मशीन बनवणाऱ्यांनी तिला कॉम्प्युटरला जोडायची वायर दिली होती, पण रस्ता एकतर्फी ठेवला होता. कॉम्प्युटरमधलं गाणं डिस्कवर जाईल. डिस्कवर तुम्ही स्वतः माईकने केलेलं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर येणार नाही. का, तर लोक गाणी चोरतील. माझी माय चिखलात वाकून गायली, माझ्या बापाने आपल्या छत्रीला माईक बांधून ते घेतलं, त्यात कोणी कोणाचं काय चोरलं? पण नाही. आम्हाला विचारायच्या आधीच चोर ठरवून दाराला बाहेरून कडी लावली. आणि वायरीतून गाणं पाठवायचं जे सॉफ्टवेअर होतं ते नव्या विंडोजवर चालत नाही. कडी लावणारे निघून गेले, कडी तेवढी ठेवून गेले.

उपाय मात्र होता. जगभरात अशा मशीनचं वेड असलेले काही लोक आहेत. त्यांनी बसून ती कडी उघडून दिली आहे. ब्राउझरमध्ये उघडणारं एक पान, एक ड्रायव्हर बदलायचा, की मशीन उलट्या दिशेनेही बोलते. फुकट. खुशीला पाजताना एका हातात फोन धरून मी सगळं वाचून काढलं. आता फक्त मशीन चालू व्हायला हवी होती.

त्याच आठवड्यात खुशीला ताप आला. भुपेंद्र, माझा नवरा, म्हणाला, "तू लेकराकडे बघ. मी विक्कीला देतो, माझ्या दुकानाचा कॉम्प्युटर तोच बघतो."

मी म्हटलं, "फक्त चालू करायला सांगा. बॅटरी आणि आतले पॉइंट. डिस्कला हात लावू नका म्हणावं."

"हो गं, सांगतो."

"सांगतो नाही, लिहून द्या."

"प्रेरणा, तो पंधरा वर्षांपासून रिपेअरिंग करून राहिला."

'वर' डिस्क सोबतच्या पिशवीत होती, 'खाली' मशीनच्या आतच बसलेली. बॅटरी गेलेली असताना मशीनचं झाकण उघडत नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी खुशीचा ताप उतरला तशी मी स्वतःच दुकानात गेले. खुशी कमरेवर. दुकानात तिने हात घालावा अशा वस्तू सगळ्या बाजूंनी: स्क्रू, सेल, वायरींचे तुकडे. मी तिचे दोन्ही हात माझ्या एका हातात धरून उभी राहिले.

विक्की खूश होता. "मॅडम, चालू कर दिया. लेंस भी साफ किया. बॅटरी का जुगाड भी बना दिया, बाहर से पेन्सिल सेल लगेगा."

काम चांगलं केलं होतं, ते मी नाकारत नाही. मी 'प्ले' दाबलं. हेडफोनमध्ये त्याचाच आवाज आला. हॅलो, हॅलो. चेक. वन टू. अरे, दो कट चाय बोल दे. हॅलो. मग काहीच नाही.

मी पुढचं बटण दाबलं. पुढे काही नव्हतं. काचेवर एकच ट्रॅक.

"यात गाणं होतं," मी म्हटलं.

"इसमें? नहीं मॅडम, ये तो खाली थी. माईक टेस्टिंग मैंने इसीपे किया."

"कोणी सांगितलं खाली होती?"

त्याने मशीन उघडून डिस्क काढली आणि माझ्यासमोर धरली. "लिखा है ना. खाली."

मी त्या लेबलाकडे पाहत राहिले. बाबांचा 'ख' नेहमीसारखा फुगलेला, जवळजवळ 'रव' वाचावा असा.

"मराठीत खाली म्हणजे नीचे," मी म्हटलं. "खालची बांधी. नीचेवाला खेत."

"अच्छा," तो म्हणाला, आणि डोकं खाजवलं. "देखो ना, मुझे भी लगा कुछ गडबड है. रेकॉर्ड दबाया तो डिस्क फुल बता रही थी. मैंने सोचा, खाली डिस्क को फुल बता रही है, मतलब मशीन का दिमाग खराब है. तो ऑल इरेज मार दिया. फिर बराबर चली."

मला वाटतं याहून जास्त राग मला आयुष्यात कधी आला नसेल. मशीन ओरडून सांगत होती, भरली आहे. एकदा लावून ऐकायला किती वेळ लागतो? आणि दुसरी डिस्क तशीच पिशवीत. मी विचारलं, तिला का नाही पुसलं.

"उसपे वर लिखा था. वर-वधू वाला. किसी की शादी होगी करके मैंने हाथ नहीं लगाया. शादी का कैसे मिटाते?"

म्हणजे न झालेल्या लग्नाचा मान राखला गेला आणि माझी माय पुसली गेली.

"तुम्ही गोंदियात जन्मले ना?" मी विचारलं.

"हां, यहीं का हूं."

"मग अर्धं गाव मराठी बोलते, तुमच्या कानावर कधी 'खाली बस' आलं नाही? ते काय रिकामं बस असते?"

त्याचा चेहरा पडला, पण तेवढ्यापुरताच. "मॅडम, आप टेंशन मत लो. भैया को भेज दो, मैं उनको समझा देता हूं. नई पेन ड्राइव्ह देता हूं, जितने गाने बोलोगे उतने भर के. लावणी, भारूड, सब है."

"माझ्या मायचं गाणं आहे त्यात?"

भैयाला पाठवा म्हणे. दोन वर्षं मी सी-प्लस-प्लसचे प्रोग्राम लिहिले, आणि डिस्क पुसली म्हणजे काय झालं हे समजून घ्यायला घरून पुरुषमाणूस यायला पाहिजे. मी मशीन, दोन्ही डिस्का आणि वायर उचलली आणि निघाले. ऑटोत खुशी माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत होती. तिला माझा असा चेहरा माहीत नाही.

घरी आले तर माय दारातच उभी. तिला सगळं माहीत होतं, म्हणजे मशीन बाबांची आहे आणि तिच्यात काहीतरी आहे, एवढं. तिने हनुवटीने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, "नाही चालली अजून." तिने माझ्या हातातल्या मशीनकडे पाहिलं. मग दाराच्या चौकटीवर दोन थापा मारल्या. नाही. म्हणजे, खोटं बोलून राहिली.

संध्याकाळी भुपेंद्रने विक्कीची बाजू घ्यायला सुरुवात केली. "त्याची तरी काय चूक? लिहिलंच खाली होतं. बाबांनी पूर्ण नाव लिहायला हवं होतं."

"तुम्ही त्याला काय सांगितलं होतं?"

"चालू कर म्हणून."

"आणि डिस्कला हात लावू नको?"

तो जेवणाच्या ताटाकडे पाहायला लागला. "ते राहून गेलं असेल."

मायने खाटेवरून लागोपाठ थापा सुरू केल्या. भुपेंद्र म्हणाला, "मायला पाणी पाहिजे का?"

"नाही," मी म्हटलं, "पाणी नको तिला."

पुढचे काही दिवस मी रागावरच जगले असं म्हणायला हरकत नाही. राग असा की हातातली वाटी जोरात ठेवली जायची आणि खुशी दचकायची. पण त्या रागानेच मला पुन्हा वाचायला बसवलं. आणि त्या वेड्या लोकांच्या पानांवर मला एक गोष्ट सापडली. या डिस्कवर 'पुसणं' म्हणजे खरं पुसणं नसतं. डिस्कच्या आतल्या कडेला एक अनुक्रमणिका असते: अमुक गाणं इथून इथपर्यंत. 'ऑल इरेज' फक्त ती कोरी करतं. पानं तशीच राहतात, ज्यांच्यावर नवीन काही छापलं गेलं ती सोडून. विक्कीचं हॅलो-हॅलो सुरुवातीवर छापलं गेलं होतं. त्याच्या पुढचं सगळं तिथेच असणार होतं, फक्त मशीनला ते आहे हे माहीत नव्हतं.

म्हणजे अनुक्रमणिका हाताने लिहायची. पहिलं गाणं इथून, डिस्क संपेपर्यंत. त्या ब्राउझरच्या पानात तीही सोय होती, एका कोपऱ्यात, लाल अक्षरांत इशारा देऊन: चुकलात तर आम्ही जबाबदार नाही. आधी 'वर' डिस्कवर सगळं करून पाहिलं. मजुरीच्या बाया आल्या, खडखडीत, मधेच कोणीतरी म्हणतं, "वाक ना वं, राणी होय का." ती लगेच कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतली. मग मुद्दाम 'वर'ची अनुक्रमणिका पुसून पुन्हा लिहिली. परत आली.

खुशी दुपारी झोपते तेव्हा मी 'खाली' घातली. लाइट गेली तर अर्धवट लिहिलं जाईल म्हणून लॅपटॉप पूर्ण चार्ज, मशीनला नवा सेल. दाराला कडी. भुपेंद्रला फोन करून सांगितलं, आता फोन करू नका. तो म्हणाला, "मग तू का केला?" मी ठेवून दिला.

आकडे टाकले. दोनदा तपासले. लिहा म्हटलं. मशीनमध्ये बारीक घरघर झाली, जशी मांजर झोपेत करते, आणि काचेवरची वेळ बदलली. दोन मिनिटांचा ट्रॅक होता तो तासाच्या वर गेला.

मी ऐकलं नाही. तशीच सगळी फाइल कॉम्प्युटरवर येऊ दिली, दोन ठिकाणी ठेवली, आणि मग स्पीकर मायच्या खाटेजवळ नेऊन ठेवला. खुशी जागी झाली होती. तिला मायच्या मांडीत बसवलं आणि सुरू केलं.

हॅलो, हॅलो. चेक. वन टू. अरे, दो कट चाय बोल दे. हॅलो.

मायच्या कपाळावर आठी पडली. ती थाप मारणार एवढ्यात विक्कीचा आवाज कापल्यासारखा तुटला आणि पाणी आलं. चिखलातून पाय निघतो तो आवाज, बांगड्या, नहराची खळखळ, आणि ओळीच्या मधूनच उचललेला एक आवाज, उंच, किंचित चिरका, श्वास न घेता लांबवत नेलेला. मागून बायांचा घोळका.

खुशीने स्पीकरकडे पाहिलं. मग खिडकीकडे. आवाज कुणाचा ते तिला शोधता येईना. माय तिच्या डोक्यावरून हात फिरवत होती, तो हात थांबला होता. तिने स्वतःच्या गळ्यावरची पट्टी चाचपली. मग माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. "तूच होय," मी म्हटलं. "छत्रीत माईक होता."

तिचे ओठ हलले. बाबांचं नाव नाही, एक शिवी होती, मी ओळखते. मग ती हसली, म्हणजे गळ्याच्या भोकातून फस्स हवा आली.

एक गाणं संपलं तसं तिने बोटाने गोल फिरवलं. परत, पहिल्यापासून. मी परत लावलं. हॅलो, हॅलो, आणि मधूनच ती ओळ. तिने दोन थापा मारल्या. नाही. पहिल्यापासून.

"माय, पहिली ओळ नाही आहे. त्या विक्कीने तिच्यावर..." पुन्हा तोच राग आला. तासभर गाणी परत मिळाली तरी जी गेली ती सुरुवात होती, आणि रोवण्याचं गाणं सुरुवातीशिवाय म्हणजे दोरीशिवाय बादली. बाया ज्या ओळीने वाकायच्या ती ओळ.

मायने खुशीला माझ्याकडे दिलं, स्वतः सावरून बसली आणि ओठ हलवायला लागली. हळू, एकेक शब्द. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते. मला तिचे ओठ वाचता येतात, पण गाणं कधी वाचलं नव्हतं.

"खाली बांधीत..." मी म्हटलं.

दोन थापा.

"खालच्या बांधीत?"

दोन थापा, जोरात. तिने ओठ पुन्हा हलवले, जीभ दातांवर टेकवून शेवटचं अक्षर दाखवलं. शाळेत बाईंनी ज्या शब्दासाठी मला वर्गाबाहेर उभं केलं होतं तो शब्द होता तो. कॉलेजात मी जो हळूहळू तोंडातून काढून टाकला. बाबाही घरात तसंच बोलायचे. पण लेबल लिहिताना, नाटकाला येणारे नागपूरचे नट पाहतील आणि हसतील म्हणून, त्यांनी शुद्ध लिहिलं होतं. खाली. शुद्ध लिहिलं म्हणूनच तर ते हिंदी वाचलं गेलं.

"खालतं," मी म्हटलं.

एक थाप.

मग सरळ झालं. ती ओठ हलवत गेली, मी म्हणत गेले, चुकले की दोन थापा.

*खालतं बांधीत पानी आलं वं बाई,*
*पानी आलं, मान्साची सावली डोलं.*

माझा आवाज काही मायसारखा नाही, मला सूर धड लागत नाही. खुशीने माझ्या तोंडात बोट घातलं, हा आवाज कुठून येतो ते तिला इथे तरी सापडलं. माय हातानं ताल देत होती, आणि ओळ संपली तशी तिने स्पीकरकडे बोट केलं. मी बटण दाबलं, विक्कीला वगळून, नेमकं तिथून जिथे तिचा आवाज उचलतो. जोड काही नीट बसला नाही. पण माय मान हलवत राहिली.

रात्री भुपेंद्र आला तेव्हा मी टेबलावर 'खाली' डिस्क घेऊन बसले होते. डिस्कच्या कडेला एक बारीक खिट्टी असते, ती सरकवली की कोणालाच त्यावर काही लिहिता वा पुसता येत नाही. ती सरकवली. मग पेन घेतलं.

"आता काय लिहितेस?" त्याने विचारलं. "विक्की विचारत होता, मॅडम अजून नाराज आहेत का."

"आहे म्हणावं."

बाबांच्या 'खाली'वर मी एक रेघ मारली, बारीक, वाचता येईल अशी, आणि खाली लिहिलं: खालतं. आता वाचू दे हे हिंदीत, ज्याला वाचायचं त्याला.